चार बोटं माया

"माया किती ठेवू गो?"

हा प्रश्न ती आईला विचारायची नाही, मुलाला विचारायची. समोर उभ्या असलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराचं मनगट डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताची बोटं एकेक करून त्यावर टेकवायची, डोळे बारीक करायचे आणि मग विचारायचं. पोर बावचळून आईकडे बघायचं. आई म्हणायची, "भरपूर ठेवा हो मावशी, दोन दिवाळ्या तरी निघायला हव्यात." तोवर मावशीचं ठरलेलं असायचं. "तीन बोटं लिही," असं ती मला सांगायची आणि पुढच्या पोराकडे वळायची.

ज्यांच्या घरी शिवणाचं मशीन होतं त्यांना माया म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. लहान मुलाचा कपडा शिवताना शिवणीच्या आत, खालच्या दुमडीत जास्तीचं कापड सोडून ठेवतात. मूल वाढलं की टाके उसवायचे, कपडा मोठा होतो. त्या आत दडवलेल्या कापडाला माया म्हणतात. हा शब्द कोणी काढला देव जाणे. मी तो दिवसातून दहादा वापरत होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. आता मात्र एखादा टेलर सहज बोलून गेला तरी मी बोटं मोजायला लागते.

तिचं नाव सांगत नाही. कळव्याला खाडीच्या बाजूला तिच्या घरची माणसं अजून आहेत. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, ती मला 'बाय' म्हणायची, आणि आमचं सहा वर्षं नीट चाललं होतं.

तेव्हा रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले होते. मी डोंबिवली पूर्वेला, आमच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकच्या पुढच्या खोलीत लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलं. दुकान कसलं, एक काचेचं कपाट, एक कापायचं टेबल आणि खिडकीपाशी पायमशीन. माझी नणंद दुबईला होती. ती येताना मला परदेशी मासिकं आणायची. गुळगुळीत पानांवर गोबरी गोरी मुलं, त्यांच्या स्वतंत्र खोल्या, खोलीला बदकांचे पडदे, पडद्याला मॅचिंग उशी, उशीला मॅचिंग फ्रॉक. मी तर वेडीच झाले होते. आमच्या डोंबिवलीत मुलांची खोली कुठली हो! वन रूम किचनमध्ये कपाट आडवं लावायचं, त्याच्या कडेला पडदा सोडायचा, की पलीकडचा कोपरा झाली मुलांची खोली. पण तो पडदा मी असा करून द्यायचे, की बघत राहावं. खेळणी ठेवायला त्याला खिसे, खिशांवर कापडाचे हत्ती, कडेला झालर.

हे सगळं डोक्यातून निघायचं माझ्या आणि हातातून उतरायचं तिच्या. कोणीतरी सांगितलं, कळव्याला एक कोळीण आहे, तिचा हात फार चांगला आहे. मी निरोप धाडला. चार दिवसांनी ती दारात उभी. पंचेचाळिशीची, उंच, किडकिडीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली स्वतःची कात्री काखेत. ब्लाऊजच्या खांद्यावर चार सुया खोवलेल्या, चारींत चार रंगांचे दोरे. लाल, पिवळा, हिरवा, निळा. मी मासिकातलं पान पुढे केलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून मागची बाजूसुद्धा पाहिली आणि म्हणाली, "पोर चांगली हाय. झगा आखूड हाय."

"अहो, तशीच फॅशन आहे ती!"

"असंल. पुढल्या सालाला काय घालंल ती?"

ही आमची पहिली भेट.

ते चार दोरे मायेसाठी होते. एका बोटाची माया असेल तर आतून एकच दुमड आणि तिच्यावर लाल धावदोरा. दोन बोटांची असेल तर दुसरी दुमड पिवळ्या दोऱ्याची. आयांना ती समजावून सांगायची, "या साली लाल उसव, पुढल्या साली पिवळा." चौथा निळा. चार बोटं ही तिची सगळ्यांत मोठी माया, आणि ती सहसा कोणाला मिळायची नाही. माझ्या मनूला मात्र नेहमी चार. मनू म्हणजे माझी एकुलती एक लेक, मावशी आली तेव्हा अंगणात रांगत होती. मी म्हणायचे, "मावशी, माझ्या पोरीचं बुजगावणं करू नका हो." ती मान हलवायची आणि चार बोटं सोडूनच कापायची.

पडद्यालासुद्धा माया ठेवायची ही बाई! एकदा मी हसत विचारलं, "मावशी, पडदा कुठे वाढतो?"

"घर वाढतं नं गो बाय," ती म्हणाली. आणि खरंच, चार वर्षांनी ती गिऱ्हाईक मंडळी पश्चिमेला मोठ्या ब्लॉकमध्ये गेली, खिडक्या उंच निघाल्या, तेव्हा पडदे उसवून लांब करायला आमच्याकडेच आली. मावशीनं माझ्याकडे बघितलंही नाही. पाय मशीनवर चालूच.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पण मी तिच्या शेजारी बसून रोज मापं लिहीत होते, त्यामुळे मला एक गोष्ट दिसायची, जी आयांना दिसायची नाही. एखाद्या मुलाच्या मनगटावर ती बोटं टेकवायची आणि काही न बोलता उचलून घ्यायची. विचारायची नाही आणि आकडाही सांगायची नाही. असं सहा वर्षांत तीनदा की चारदा झालं असेल. पहिल्यांदा झालं तो मागच्या गल्लीतला एक गोड, कुरळ्या केसांचा मुलगा होता. मी वहीवर पेन टेकवून बसले होते. "किती लिहू?"

"लिही काय पन," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

मी तीन लिहिलं. ते कुटुंब त्याच मे महिन्यात बदली होऊन गेलं. पुढे त्या मुलाचं काय झालं मला ठाऊक नाही. काहीच झालं नसेल, आता बापही झाला असेल. पण मी कोणाकडे कधी चौकशी केली नाही, आणि का केली नाही ते तुम्हाला कळलं असेल.

दुसरी गोष्ट बाळंतविड्याची. ठाण्याला नौपाड्यात एक हौशी बाई होत्या, पहिलटकरीण, सातवा लागलेला. त्यांना मासिकातल्यासारखी सगळी खोली हवी होती, आणि तीही बाळ यायच्या आधी. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, पाळण्याची गादी, पडदा आणि पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं. सगळं एकाच पिवळ्या-पांढऱ्या कापडातलं. माझी एवढी मोठी ऑर्डर तोवर झाली नव्हती. मावशीनं कापड हातातसुद्धा घेतलं नाही.

"पोर आल्याबिगर मी शिवत नाय."

"अहो मावशी, हल्ली सगळे आधीच करतात."

"करू देत. मी माप कोनाचं घेऊ?"

मी तशी फटकळ. तिला चार शब्द सुनावले आणि सगळं काम दुसऱ्या बाईकडून करून घेतलं. चिमणाळं तेवढं मी स्वतः केलं. सुंदर झालं होतं, स्वतःचीच दृष्ट लागावी असं. ठरलेल्या दिवशी कोणी न्यायला आलं नाही. आठवडा गेला, मग मी फोन लावला. त्यांच्या सासूबाईंनी उचलला. मी नाव सांगितलं. "आता नको," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ते गाठोडं माळ्यावर टाकलं. चिमणाळं खिडकीत टांगलेलं होतं ते तसंच राहिलं. मावशी दुसऱ्या दिवशी आली, तिनं न विचारता ओळखलं. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानं म्हणाली नाही. स्टुलावर चढून चिमणाळं काढलं, जमिनीवर बसली आणि एकेक चिमणी उसवायला लागली. कापूस वेगळा, कापड वेगळं, दोरा वेगळा. "टांगलेलं ऱ्हायला नको," एवढंच म्हणाली. अकरा चिमण्या होत्या. मी सगळा वेळ तिथेच उभी होते.

समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकू हे सगळं ऐकून म्हणाल्या, "तुला माहीत नाही का तिचं?" जोशीकाकूंना सगळ्यांचं माहीत असायचं. मावशीला एक मुलगी होती, सहा वर्षांची. कोणाच्या तरी हळदीला घालायला म्हणून मावशीनं तिला झगा शिवला. कापड कमी होतं, म्हणून अगदी मापात शिवला, माया ठेवली नाही. महिन्याच्या आत पोर गेली. "तेव्हापासून ती अशी बोटं ठेवत फिरते," जोशीकाकू म्हणाल्या. "मी तर माझ्या नातवाला तिच्यासमोर उभा करत नाही बाई."

"काहीतरीच काय काकू," मी म्हटलं. मी शिकलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

मनू सहा वर्षांची झाली त्या वर्षी ठाण्याला दिवाळीच्या आधी महिलांच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन होतं. मला स्टॉल मिळाला होता. मुंबईचे दुकानदार बघायला येणार होते. मी मासिकातल्यासारखी अख्खी खोलीच उभी करायची ठरवलं. पडदा, गादी, उशा, दिव्याची टोपी, सगळं पिस्ता रंगात, आणि मधोमध त्याच पिस्ता रंगाच्या रुबिया कापडाचा फ्रॉक घालून माझी मनू. छातीवर स्मॉकिंगचं भरतकाम, कमरेला रुंद पट्टा, मागे मोठा बो. आणि फ्रॉक अंगाला असा बसायला हवा होता, की कुठे एक चुणी दिसता कामा नये.

मी मावशीला स्पष्ट सांगितलं, "याला माया नको. शिवणीपुरतं कापड सोडा, बास. खाली दुमड जाड दिसली की सगळं गबाळं दिसतं."

तिनं कात्री टेबलावर ठेवली. "बिनमायेचा झगा मी शिवत नाय बाय."

"का नाही शिवत?"

"नाय शिवत."

"मावशी, हा शो आहे हो! एका दिवसाचा प्रश्न आहे. नंतर फेकून दिला तरी चालेल."

तिनं कापड माझ्याकडे सरकवलं. मला जोशीकाकूंची गोष्ट आठवली आणि खरं सांगते, त्यामुळे मी जास्तच चिडले. ही बाई माझ्या पोरीला तिच्या पोरीच्या जागी बघते की काय? मी म्हटलं, "ठीक आहे. नसेल जमत तर राहू दे. त्या दुसऱ्या बाईकडून करून घेते मी."

तेव्हा तिनं मान वर केली. मनू दारात लंगडी खेळत होती, तिच्याकडे पाहिलं. मग कापड ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "दुसरीच्या हातचं नको," ती म्हणाली. "मीच शिवते."

मी जिंकले होते. फ्रॉक आला तेव्हा मी तो उलटा करून तपासला. खालची दुमड दोऱ्याएवढी, बाजूच्या शिवणी बारीक, कुठे काही नाही. फक्त कमरेच्या पट्ट्यापाशी हाताला जरा जाड लागलं.

"इथे काय आहे?"

"अस्तर हाय, बाय. पट्टा ताठ ऱ्हायला नको?"

मनू स्टॉलवर उभी राहिली तेव्हा बायका थांबून थांबून बघत होत्या. दोन दुकानदारांनी नावपत्ता घेतला. मावशी आली नव्हती. मी बोलावलं होतं, तर म्हणाली, पोटात दुखतंय.

प्रदर्शनानंतर पाचव्या दिवशी मनूला ताप आला.

टायफॉइड होता. आता तो शब्द ऐकून कोणी फारसं दचकत नाही. पण पहिल्या आठवड्यात ताप उतरला नाही, दुसऱ्यात उतरला नाही, तिसऱ्यात पोर तापात बडबडायला लागली. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे आणि जाताना माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याला बाहेर घेऊन जायचे. मनू अंथरुणाला चिकटली होती. मनगट एवढंसं झालेलं. दुकान बंद होतं. तो पिस्ता फ्रॉक आतल्या खोलीत दाराच्या खिळ्याला टांगलेला होता, प्रदर्शनाहून आल्यावर अडकवला तसाच. मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसायचे आणि समोर तो फ्रॉक. तो सरळ, मापातला, बिनमायेचा फ्रॉक. माझं शिक्षण कुठे गेलं विचारू नका. मला दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

एके दुपारी मावशी आली. हातात जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ती पलंगाशी आली, मनूकडे बघत उभी राहिली आणि मग खाली वाकून तिनं मनूचं मनगट हातात घेतलं. बोटं टेकवली. एक, दोन.

"हात लावू नका तिला!" मी ओरडले. "आता कसलं माप घेताय?"

तिनं हात काढला नाही. मी तो हिसडून काढला. "तुम्हीच केलंत हे. स्वतःची गेली, आता माझी हवी आहे का तुम्हाला? तुमच्या हातचा कपडा अंगाला लागला आणि पोर आडवी झाली. निघा इथून, पुन्हा या घरात पाऊल टाकू नका."

हे सगळं मी बोलले. बिनमायेचा शिवायला मीच लावलं होतं, तरीही मीच बोलले. माझा नवरा दारात येऊन उभा राहिला.

मावशीचा चेहरा जसा होता तसाच होता. तिनं दुपटं मनूच्या पायाशी ठेवलं. मी खिळ्यावरचा फ्रॉक ओढून काढला होता, तो माझ्या मुठीत होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, "झगा जाळू नको गो बाय. पुढल्या सालाला लागंल."

पुढल्या सालाला! पोरीचं उद्याचं खरं नाही आणि ही पुढल्या सालाचं बोलते. मापातला फ्रॉक पुढल्या वर्षी कोणाच्या अंगाला येणार होता? मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय. मी दार आपटलं. टेबलावरची तिची कात्री, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तशीच राहिली. ती न्यायला ती परत आली नाही.

चौथ्या आठवड्यात ताप उतरला. एके सकाळी मनूनं वरणभात मागितला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. मावशीला निरोप धाडायला हवा होता. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण आधी लाज वाटली, मग दुकान पुन्हा उभं करण्यात दिवस गेले, मग वाटलं, तीच येईल कधीतरी. दुसरी बाई ठेवली. तीही बरी शिवायची. मुलांना विचारत मात्र नसे.

तापातून उठलेली पोर भराभर वाढते म्हणतात, तशी मनू वाढली. वर्षभरात सगळे फ्रॉक गुडघ्याच्या वर गेले. पुढची दिवाळी आली. पिस्ता फ्रॉक मी जाळला नव्हता, नवऱ्यानं तो ट्रंकेत तळाशी टाकला होता. तो मनूनं शोधून काढला. "आई, मी हाच घालणार. बोवाला." बो बांधलेल्या फ्रॉकला ती बोवाला म्हणायची. तिनं तो डोक्यातून ओढून घातला आणि आरशासमोर उभी राहिली. कंबर बरगड्यांवर चढलेली, झालर मांडीवर.

"होत नाही तुला," मी म्हटलं. ती भोकाड पसरून बसली. मग मी म्हटलं, बघू, पट्टा उसवून मध्ये एखादी पट्टी जोडता येते का. ब्लेड घेतलं, पट्ट्याची कड उसवली, आतलं अस्तर बाजूला केलं.

आत निळा धावदोरा होता.

आधी मला कळलंच नाही. मी ती दुमड बोटानं उचलली आणि तिच्या खाली हिरवा दिसला, त्याच्या खाली पिवळा, मग लाल. पट्ट्याच्या आत, अस्तराच्या पलीकडे, एकावर एक अशा चार दुमडी होत्या, इतक्या बारीक दाबलेल्या, की इस्त्री केलेल्या वाटाव्यात. बाजूच्या शिवणींतही काखेखाली, पट्ट्याच्या आड, तेवढंच कापड गुंडाळून ठेवलेलं. मी फ्रॉक मांडीवर ठेवला आणि बोटं टेकवून मोजलं. चार बोटं माया.

मनू म्हणाली, "आई, तू का रडतेस? फाटला का?"

लाल दोरा उसवला, त्या वर्षी फ्रॉक बरोबर बसला.

दिवाळी झाल्यावर मी तिची कात्री घेऊन कळव्याला गेले. तिचं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. सहा वर्षं ती माझ्या दारात येत होती आणि मी एकदाही तिच्या दारात गेले नव्हते. विचारत विचारत खाडीकडे उतरले. ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडलेल्या होत्या. एका ओट्यावर एक बाई बोंबील वाळत घालत होती, ती मावशीची जाऊ निघाली. मी नाव सांगितलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डोंबिवलीची बाय ती तू काय?"

"हो. मावशी आहेत का?"

"ती शिमग्याच्या आधीच गेली," जाऊ म्हणाली. "पोटात गाठ होती. दोन साल अंगावर काढली, कोनाला बोलली नाय."

मी ओट्यावर बसले. पोटात दुखतंय म्हणाली होती. मला वाटलं होतं, प्रदर्शनाला यायचं नाही म्हणून बहाणा करतेय. कात्री मी जावेच्या हातात दिली. तिनं ती उघडून पाहिली आणि बाजूला ठेवली. मला क्षमा मागायची होती आणि ज्या माणसाची मागायची ते माणूस नव्हतं, म्हणून मी जावेलाच सगळं सांगून टाकलं. फ्रॉक, ताप, मी काय बोलले ते, आणि आत सापडलेले चार दोरे. शेवटी म्हटलं, "त्यांच्या मुलीच्या झग्याला माया ठेवायची राहिली, म्हणून माझ्या मुलीच्या फ्रॉकमध्ये त्यांनी ती लपवून ठेवली. आणि मी त्यांनाच बोलले."

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. "कोन बोलला तुला, माया नव्हती म्हनून?"

"तसं ऐकलं होतं."

ती उठून आत गेली. पत्र्याची लहान पेटी घेऊन आली, तिच्यातून एक झगा काढून माझ्या मांडीवर ठेवला. राणी रंगाचा होता, पण रंग पार उडून गेलेला, धुवट गुलाबी झालेला. "दर साली ऊन दाखवायची ती त्याला," जाऊ म्हणाली. "आता मी दाखवते."

मी तो उलटा केला. माया होती. खाली, दुमडीत, भरपूर.

"पोर तापानंच गेली," जाऊ सांगत होती. "हा झगा दोनदाच अंगावर आला तिच्या. माया ठेवली म्हनून पोर ऱ्हाते काय गो? तिला काय ठाव नव्हतं? मी विचारलेलं एकदा, मग कशापायी एवढं कापड घालवतेस? तर बोलली, न ठेवता शिवायला हात वळत नाय."

ओहोटीचा वास येत होता. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन समोरून गेली, तिनं जावेला काहीतरी विचारलं, जावेनं उत्तर दिलं. मी झग्याची दुमड नखानं थोडी उघडून आत पाहिलं. आतलं कापड कधी उजेडात आलंच नव्हतं. ते कोरं, गडद राणी रंगाचं होतं, दुकानातून आणलेलं असतं तसं. त्याच्यावर चार दोरे होते. लाल, पिवळा, हिरवा, निळा. एकही उसवलेला नव्हता.

मोजायची गरज नव्हती. तरी मी बोटं टेकवली, एकेक करून, तिच्यासारखी. चार भरली. मग घडी होती तशी घातली आणि झगा जावेकडे परत दिला.